गाणं मुलांचं, हात सरांचा

प्रिय ताई,

मी मूळची अहिल्यानगरची. चर्चच्या ओळखीतून वर्षभरासाठी स्वयंसेवक म्हणून केनियात आले आहे, पश्चिमेकडे काकामेगाजवळच्या एका मिशन शाळेत. लहानपणापासून पेटी वाजवते, चर्चमध्ये भजनांना साथ करायचे. त्यामुळे इथल्या मुलांच्या गायनवृंदाला मदत करायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. केनिया संगीत महोत्सवात आमची मुलं उप-काउंटीची फेरी जिंकली, आता काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) फेरी आहे. दोन गाणी आहेत. एक सगळ्या शाळांना नेमून दिलेलं इंग्रजी गाणं, दुसरं इसुकुटी ढोलांवरचं लोकगीत. दोन्ही इथल्या सरांनी बसवली. आता मुख्याध्यापक म्हणतात, इंग्रजी गाण्याला मंचावर तू मुलांसमोर उभी राहून हाताने इशारे दे, परीक्षकांवर छाप पडेल. सर काहीच बोलले नाहीत, पण तेव्हापासून गप्प आहेत. खोटं कशाला बोलू, मला उभं राहायला आवडेल.

दुसरं असं, की अल्टोत, म्हणजे वृंदातल्या मधल्या आवाजात गाणाऱ्या एका मुलाच्या घरून बसभाडं आलेलं नाही. त्याचं नाव कापणार आहेत. मी गुपचूप पैसे भरू का? लोकगीत म्हणताना मुलं फार ओरडतात आणि चेहरे गंभीर ठेवतात, म्हणून मी त्यांना गोड आवाजात, हसऱ्या चेहऱ्याने गायला सांगते आहे. त्यावरही सर गप्पच. इकडे नगरची मंडळी स्पर्धेचा व्हिडिओ मागताहेत. आणि मुलं हरली तर त्यांना काय सांगायचं, या विचाराने झोप लागत नाही.

तुमची,
पेटीवाली

*

प्रिय पेटीवाली,

फेरी तोंडावर आली आहे, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मंचावर समोर उभी राहू नकोस.

शाळेत संगीत शिकवण्यात माझी हयात गेली, समूहगीतांच्या स्पर्धांना मुलं घेऊन मी पुष्कळ हिंडले. लहान मुलांचा वृंद स्वरलिपी बघून गात नाही, तो समोरच्या हाताकडे बघून गातो. हात वर गेला की श्वास, खाली आला की शब्द, मूठ मिटली की शेवटचं व्यंजन. ही सवय एकाच माणसाच्या हाताची लागते. तुझा हात कितीही सुरेल असला तरी तो वेगळा आहे. ऐनवेळी हात बदलला तर अर्धी मुलं अर्धी मात्रा आधी श्वास घेतील, अर्धी नंतर, आणि परीक्षकांच्या कानाला पहिल्या ओळीतच ते कळेल. तू परदेशातून आली आहेस म्हणून कुणी गुण वाढवून देत नाही. गुण सुराला, तालाला, शब्दोच्चाराला आणि आवाज एकमेकांत किती मिसळले याला मिळतात.

हे झालं गाण्यापुरतं. सरांच्या गप्प बसण्याचा अर्थ तुला कळला आहे, नाहीतर तू तो लिहिला नसतास. हा महोत्सव १९२७ पासूनचा, म्हणजे इंग्रजांच्या राजवटीत सुरू झालेला. आज झोन, उप-काउंटी, काउंटी, विभाग अशा पायऱ्या चढत शाळा ऑगस्टमधल्या राष्ट्रीय फेरीपर्यंत जातात आणि तिथले विजेते राष्ट्राध्यक्षांपुढे गातात. खेड्यातल्या शाळेतल्या शिक्षकाला आपल्या काउंटीसमोर आपलं काम उभं करून दाखवायची अशी संधी वर्षातून एकदा मिळते. मुलांनाही त्या दिवशी आपल्या मास्तरांना तिथे बघायचं असतं. पुढच्या वर्षी तू नगरला असशील, वृंद सरांकडेच असेल. मग आज त्यांना बाजूला सारून कुणाचं भलं होणार?

मुख्याध्यापकांना नकार द्यायचा तो त्यांच्या खोलीत, एकटीने जाऊन, आणि कारण गाण्याचंच सांग. ‘तुम्ही मान दिलात, आभारी आहे. पण मुलांना सरांच्या हाताची सवय आहे. आता हात बदलला तर श्वास चुकतील आणि गुण जातील.’ एवढं पुरे. यात कुणाचा पाणउतारा नाही आणि बोलणं शंभर टक्के खरं आहे. तिथून थेट सरांकडे जा. माफी मागत बसू नकोस, त्याने ते आणखी अवघडतील. काम माग. ‘सर, अल्टोची मुलं रोज थोडा वेळ माझ्याकडे द्याल का?’ असं विचार. गप्प झालेला शिक्षक अशा प्रश्नाने पुन्हा बोलायला लागतो.

अल्टोच का, तेही सांगते. आपल्याकडची साथ एकाच चालीला धरून असते. गाणारा गातो, पेटी मागोमाग जाते. तिथे तीन-चार चाली एकाच वेळी चालतात आणि वरची चाल सगळ्यांना ऐकू येत असल्यामुळे मधली मुलं घसरत घसरत तिच्याकडेच जातात. त्यांना सांभाळणारं माणूस कधीही कमीच पडतं. मात्र शिकवताना पेटीवर वरची चाल वाजवू नकोस. अल्टोचीच ओळ वाजव, आणि मुलांना ती यायला लागली की पेटी बंद कर. मंचावर पेटी नसणार. आधाराविना गाणारा वृंद हळूहळू खाली उतरतो. गाणं संपल्यावर पट्टी तपासत जा. अर्धा सूर उतरला असेल तर तो कुठल्या ओळीला उतरतो ते शोध आणि सरांना सांग.

सर फळ्यावर जी इंग्रजी अक्षरं आणि मध्ये दोन टिंबं, उभ्या रेघा काढतात, ती टॉनिक सोल्फा लिपी. तिला घाबरू नकोस, तुझ्या अंगात ती आधीपासून आहे. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर या बाईंनी मुलांना गायला शिकवण्यासाठी ही रीत काढली आणि जॉन कर्वेन (१८१६–१८८०) या धर्मोपदेशकाने तिच्यात भर घालून ती सगळीकडे नेली. ज्यांना वाद्य घेणं परवडत नाही, त्यांनाही वाचून गाता यावं ही तळमळ तिच्यामागे होती. मिशनऱ्यांबरोबर ती आफ्रिकेत पोचली आणि तिथल्या गायनवृंदांनी ती इतकी आपली केली, की आजही शिक्षक नवीन गाणं आधी सोल्फात उतरवतात. डो, रे, मी, फा, सो, ला, टी. आपल्या सा-सारखाच डो हवा त्या पट्टीत धरता येतो. काळी एक धरा नाहीतर पांढरी चार, नाव डोच. दोन टिंबांनी मात्रा वेगळी होते, उभी रेघ म्हणजे जोराची मात्रा, आडवी रेघ म्हणजे सूर लांबवायचा. ‘फे’ दिसला तर तीव्र मध्यम समज, ‘ता’ दिसला तर कोमल निषाद. एका संध्याकाळी तू वाचायला लागशील.

एका ठिकाणी मात्र फसशील. गाणं उदास वळणाचं, म्हणजे मायनरमधलं असेल, तर तुझा कान ज्या सुरावर घर मानेल त्याला तू सा म्हणशील. सोल्फात त्या घराला ‘ला’ म्हणतात आणि डो तिथून वर असतो. पहिल्यांदा वाचताना सगळं उलटंपालटं वाटेल. सरांना विचार. तुला अडलेलं त्यांना येतंय हे मुलांनी पाहिलं तर चांगलंच होईल.

आता लोकगीत. इथे मी तुला जरा स्पष्ट बोलणार आहे, कारण तू चांगल्या मनाने करते आहेस ते त्या गाण्याला मारक आहे.

इसुकुटी हे काकामेगा भागातल्या इसुखा आणि इदाखो या लुह्या समाजांचं. मोठा, मधला, धाकटा असे तीन ढोल एकत्र वाजतात, सोबत हरणाचं शिंग आणि खुळखुळे. एक जण गाण्यातून विषय मांडत जातो आणि बाकीचे त्याला धरून गातात, नाचतात. मूल जन्मलं तरी इसुकुटी, लग्नाला इसुकुटी आणि मयतालाही इसुकुटी. जाणती माणसं म्हातारी झाली आणि शिकणारी पोरं कमी उरली, म्हणून २०१४ साली युनेस्कोने ते तातडीने जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घातलं. तुझी मुलं ढोल वाजवतात तेव्हा गुण मिळवण्यापलीकडचं काम करत असतात.

म्हणून मुलांना हसायला सांगण्याआधी हे गाणं कुठल्या प्रसंगाचं, ते सरांना विचार. मयताचं गाणं असेल आणि पोरं दात काढून गात असतील, तर तिथला परीक्षक काय म्हणेल? आपल्याकडे कुणी परक्या माणसाने गोंधळ्याला ‘जरा हळू आणि गोड आवाजात म्हणा’ असं सांगितलं तर आपल्याला कसं वाटेल? तू ज्याला ओरडणं म्हणतेस, तो उघड्यावर तीन ढोलांच्या वर पोचवायचा आवाज आहे. तो तसाच लागतो. पुढच्या तालमीला मुलांना एकदाच सांगून टाक, ‘हे गाणं सर सांगतील तसंच म्हणायचं.’ सर ऐकतील अशा जागी उभी राहून सांग.

हे तुला जड जाऊ नये, कारण तू नगरची आहेस. नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत मोठी झालीस ना? ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, नगरला राहिले आणि ओव्या-अभंगांच्या वळणाने लिहीत गेले. त्यांच्या आधी आपल्या चर्चमध्ये मुख्यत्वे विलायती चालींवर बसवलेली भाषांतरं चालायची. टाळ-मृदंगावर देवाचं नाव घेता येतं हे मराठी ख्रिस्ती माणसाला पटायला वेळ लागला, आणि पटलं तेव्हा चर्च घरचं वाटायला लागलं. पश्चिम केनियातही तीच कथा आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं मिशन १९०२ मध्ये तिथल्या कायमोसीला आलं, नंतर इतर आली. त्या काळात अनेक मिशनांनी ढोल आणि नाच चर्चच्या दाराबाहेर ठेवले. आज मिशनने काढलेल्या शाळेतली मुलं तोच ढोल घेऊन मंचावर चढताहेत, शाळेच्या नावाने. केनियाचं १९६३ चं राष्ट्रगीत बसवायला नेमलेल्या संगीतकारांनीही ताना नदीकाठच्या पोकोमो बायांच्या अंगाईची चाल घेतली होती. अशा देशात लोकगीत सुधारायला जायचं नसतं, शिकायला बसायचं असतं. धाकटा ढोल शिकायला माग, नक्की शिकवतील.

भाड्याचा प्रश्न. गुपचूप भरू नकोस. खेड्यात गुपचूप काही राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळेल आणि त्या मुलाला उद्यापासून ‘मुहिंदीने (म्हणजे भारतीय बाईने) पैसे भरलेला’ म्हणून ओळखतील. ज्या आयांनी कोंबडी विकून भाडं दिलं असेल, त्यांनाही ते लागेल. केनियात सरकारी प्राथमिक शाळेची फी २००३ पासून माफ आहे, आणि मिशनने काढलेल्या बऱ्याच शाळा आता सरकारी आहेत, चर्च फक्त पाठीशी असतं. पण गणवेश, बसभाडं, स्पर्धेचे कपडे यांचा भार घरावरच पडतो, आणि घराघराची ओढाताण वेगळी असते.

आधी सरांबरोबर त्या मुलाच्या घरी जा. एकटी जाऊ नकोस. पैसे नसतील हा आपला अंदाज आहे. कधी बूट नसतात म्हणून मूल जायचं टाळतं, कधी त्या दिवशी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी दुसरं कुणी नसतं. खरंच पैशांचा प्रश्न असेल, तर तुला द्यायची रक्कम संपूर्ण वृंदाच्या प्रवासासाठी म्हणून शाळेच्या खात्यात एम-पेसाने, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सोयीने भर, पावती घे आणि मुख्याध्यापकांना एकच विनंती कर, की भाड्यापायी कुणाचंही नाव कापू नये. पालकांकडून पैशांऐवजी वस्तू घ्यायला सांग. त्या मुलाच्या आईने पसाभर घेवडा किंवा मका दिला, तर तेच त्याचं भाडं. त्यातूनच मुलांचा त्या दिवशीचा डबा होईल. मदत कुणी केली हा प्रश्न मग उरत नाही, सगळ्यांनीच केलेली असते.

त्या दिवशी तुझ्या वाट्याला भरपूर काम आहे. पहाटे अंधारात निघायचं, धक्के खात पोचायचं, आणि आपला नंबर कदाचित दुपारनंतर लागायचा. माझ्या अनुभवात अशा दिवशी वृंद मंचावर हरत नाही, बसमध्ये हरतो. पोरं आनंदाने वाटभर गात सुटतात आणि उतरेपर्यंत आवाज बसलेले असतात. जाताना बसमध्ये गाणं बंद, हा नियम आदल्या दिवशीच सरांकडून जाहीर करून घे. कुजबुजही नको, तिने घसा आणखी ताणतो. पाण्याच्या बाटल्या तू धर. उपाशी पोटी कुणी गाणार नाही हे बघ, पण गाण्याच्या तोंडावर उगालीचं (मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं) भरपेट जेवणही नको. थंड सोडा नंतर. काकामेगाकडे दुपारी पाऊस येतो, तेव्हा ढोल झाकायला प्लास्टिक ने. चामडं ओलं झालं की ढोल बसला. तेरा वर्षांच्या आसपासच्या एखाद्या मुलाचा आवाज नेमका फुटत असेल, तर त्याला वरच्या सुराला जोर लावू देऊ नकोस. तेवढी ओळ त्याने नुसते ओठ हलवले तरी चालेल. आणि वृंद मंचावर असताना तू अशा जागी बस, जिथून तू मुलांना दिसशील पण त्यांचं लक्ष सरांवरून हलणार नाही.

व्हिडिओबद्दल थोडक्यात. केनियात २०१९ चा माहिती संरक्षण कायदा आहे आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. ती शाळेमार्फत घे. मिळाली तरी जवळून चेहरे, नाव, गाव, शाळा असं सगळं एकत्र टाकू नकोस, आणि खाली ‘गरीब मुलं’ असं काही लिहू नकोस. ती महोत्सवातली गायक आहेत. नगरच्या मंडळींना पाठवण्याआधी चित्रफीत मुलांना दाखव. त्यांना आवडली नाही तर पाठवू नकोस. नगरकरांना इतकीच आस्था असेल तर त्यांना वृंदाच्या प्रवासनिधीचा पत्ता दे. पुढच्या वर्षी तू नसशील तेव्हा तो उपयोगी पडेल.

राहिलं हरण्याचं. तुझी झोप याच प्रश्नाने उडाली आहे, आणि मला तो सगळ्यात सोपा वाटतो. मुलं रडतील. रडू दे. ‘आमच्यासाठी तुम्हीच पहिले’ असं म्हणू नकोस, मुलांना ते खोटं आहे हे कळतं. ‘परीक्षकांनी अन्याय केला’ हे तर मुळीच नको, एकदा का ते ऐकलं की पुढची पाच वर्षं तालमीला तोंडी लावायला तेच पुरतं. आधी खायला घाल. त्यांच्या शेजारी बस. सर बोलतील, त्यांना बोलू दे. गुणांबरोबर परीक्षकांचे शेरेही मिळतात, तो कागद हरवू देऊ नकोस. आपल्याकडे तो कागद घडी होऊन मुख्याध्यापकांच्या खणात जातो आणि तिथेच राहतो. तू त्याच्या दोन प्रती कर. दोन दिवसांनी मुलं शांत झाली की सरांनी तो मोठ्याने वाचावा आणि एकेक शेऱ्याला ती ओळ गाऊन बघावी. ‘दुसऱ्या कडव्यात अल्टो ऐकू आला नाही’ असं लिहिलं असेल तर तुला पुढचं काम मिळालं. जिंकलात तरी हेच कर, कारण विभागाच्या फेरीत चुका तिथूनच सुरू होतात.

विभागासाठी आणि जमलं तर राष्ट्रीय फेरीसाठी मुक्काम वाढवायचा विचार तुझ्या मनात येईल. सरांनी आपणहून थांबायला सांगितलं तरच थांब. नाही सांगितलं तर ठरल्या तारखेला निघ. निघण्याआधी अल्टोतल्या दोन थोरल्या मुलींना इतरांना सूर द्यायला शिकवून ठेव.

परतीच्या बसमध्ये मात्र गाण्याला बंदी नको. निकाल काहीही लागो, मुलं काही वेळाने गायला लागतीलच. त्यांची आठ-दहा गाणी झाली आणि कुणी तुला ‘तुमच्याकडचं म्हणा’ म्हणालं, तर टिळकांचं एखादं भजन उचल. स्पर्धेत ते आणायचं नव्हतं, बसमध्ये खुशाल आण. ध्रुपद दोनदा म्हण, टाळ्यांचा ठेका दाखव आणि ढोल सरांकडे दे.

निकाल कळव.

तुझी ताई